बादलीतून आलेले बेडूक

दोस्तांनो, आज सुरुवातीला एक सोपं कोडं. बेडूक कुठे राहतो?

‘विहिरीत!’ ‘तळ्यात!’ ‘शाळेच्या मैदानातल्या डबक्यात!’ शाब्बास, सगळ्यांचंच बरोबर. पहिला पाऊस पडला की रात्रभर ‘डराव डराव’ची मैफल कशी रंगते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच.

आता दुसरं कोडं. वाळवंटात बेडूक कुठे राहतो?

लागलात ना डोकं खाजवायला? वाळवंटात उंट असतो, सरडे असतात, साप-विंचू असतात. पण बेडूक? बेडूक आपल्या ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. ती कातडी सुकली की त्याचा खेळ खलास. मग रणरणत्या वाळवंटात त्याचं काय काम?

काम आहे बरं का! तिथे तो हजारो वर्षं राहत आला आहे. मधेच तो नाहीसा झाला. लोकांनी त्याच्या नावापुढे ‘संपला’ असं लिहूनही टाकलं. मग तो सापडला. सापडला आणि पुन्हा हरवायच्या बेतात होता, तेवढ्यात काही माणसं बादल्या घेऊन त्याच्या मदतीला धावली. अगदी खऱ्याखुऱ्या बादल्या! ही त्याचीच गोष्ट.

चार इंच पाऊस

घरात ॲटलास असेल तर काढा. अमेरिकेच्या नकाशात डावीकडे, म्हणजे पश्चिमेकडे नेवाडा, ॲरिझोना आणि यूटा ही तीन राज्यं दिसतील. ती जिथे एकमेकांना भिडतात, त्या भागात आपल्याला जायचं आहे. इथे मोहावी नावाचं वाळवंट आहे. याच वाळवंटात लास व्हेगास हे झगमगत्या दिव्यांचं शहर वसलं आहे. या शहरात वर्षभरात सरासरी किती पाऊस पडतो, ठाऊक आहे? साधारण दहा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम चार इंच! मुंबईत जुलै महिन्यात एखाद्या मुसळधार दिवशी याहून जास्त पाऊस पडतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर चढतो आणि खडक असे तापतात की हात लावायची सोय नाही.

पण या तापलेल्या डोंगरांच्या पायथ्याशी मधूनच एखादी हिरवी रेघ दिसते. जवळ जावं तर काय, खडकाच्या कपारीतून पाणी झुळझुळत असतं! फार फार पूर्वी दूरच्या डोंगरांवर पडलेला पाऊस आणि बर्फ जमिनीत मुरला. चुनखडीच्या थरांमधल्या भेगांतून तो हळूहळू सरकत राहिला आणि वाट मिळाली तिथे वर आला. खोलवरून आल्यामुळे यातलं बरंचसं पाणी कोमट असतं, काही ठिकाणी तर चांगलं कढत. आपल्याकडे वज्रेश्वरीला किंवा उन्हेऱ्याला गरम पाण्याची कुंडं आहेत ना, तसलाच हा प्रकार. रॉजर्स स्प्रिंग नावाच्या झऱ्याचं पाणी बारा महिने साधारण ३० अंश असतं. बाहेर कडाक्याची थंडी पडो की उन्हाचा वणवा पेटो, झरा आपला तसाच.

या झऱ्यांच्या काठी आपला नायक राहतो. करड्या-तपकिरी किंवा हिरवट अंगावर गडद ठिपके, लांबी फार तर आठ-नऊ सेंटिमीटर. म्हणजे तुमच्या तळहातावर आरामात मावेल एवढा. ठिपक्यांमुळे याच्या जातभाईंना इंग्रजीत ‘लेपर्ड फ्रॉग’ म्हणतात. लेपर्ड म्हणजे बिबट्या. तेव्हा आपण त्याला बिबट्या बेडूक म्हणू. याचं पूर्ण नाव आहे ‘रेलिक्ट लेपर्ड फ्रॉग’. रेलिक्ट म्हणजे पूर्वीच्या मोठ्या पसाऱ्यातलं मागे उरलेलं. थोडक्यात, उरलासुरला बिबट्या बेडूक! शास्त्रज्ञ त्याला ‘लिथोबेटस ओंका’ म्हणतात. गंमत म्हणजे, दक्षिण अमेरिकेतल्या जॅग्वारच्या शास्त्रीय नावातही हाच ‘ओंका’ आहे. नाव एवढं भारदस्त, पण आवाज ऐकाल तर हसू येईल. हा आपल्या बेडकांसारखा डराव डराव करत नाही. घशातल्या घशात, हळू आवाजात कुणीतरी खुदखुदावं, तसं त्याचं ओरडणं.

हरवला हो हरवला!

१८७२ साली यूटामध्ये, व्हर्जिन नदीच्या खोऱ्यात या बेडकाचा एक नमुना पकडला गेला. १८७५ साली एडवर्ड कोप या शास्त्रज्ञांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. त्या काळी व्हर्जिन नदी, मडी नदी आणि त्या पुढे जिला मिळतात ती कोलोरॅडो नदी, यांच्या काठच्या पाणथळ जागांत आणि आजूबाजूच्या झऱ्यांत हे बेडूक राहत असत.

मग माणसांची वर्दळ वाढली. झऱ्यांचं पाणी पाटानं शेताकडे वळवलं गेलं. १९३०च्या दशकात कोलोरॅडो नदीवर हूव्हर धरण बांधलं गेलं. २२१ मीटर उंचीचं हे धरण त्या काळी जगातलं सगळ्यात उंच धरण होतं. धरणामागे लेक मीड नावाचा विशाल जलाशय तयार झाला आणि नदीकाठच्या कितीतरी पाणथळ जागा त्याच्या पोटात गडप झाल्या.

‘मग काय बिघडलं? बेडकाला पाणीच हवं ना? मिळालं की भरपूर!’ असं तुम्ही म्हणाल. पण इथेच तर मेख आहे. बेडकाला नुसतं पाणी चालत नाही, त्याला त्याच्या सवयीचं पाणी लागतं. उथळ डोह, लपायला थोडं गवत, आणि मुख्य म्हणजे अंडी-पिल्लं गट्ट करणारे मोठे मासे नकोत. खोल जलाशय म्हणजे त्याच्यासाठी शत्रूंनी भरलेला समुद्रच.

त्यातच एक आगंतुक पाहुणा आला. त्याचं नाव बुलफ्रॉग. हा अमेरिकेच्या पूर्व भागातला बेडूक. आकारानं आपल्या नायकाच्या दुपटीहून मोठा आणि भारी खादाड. तोंडात मावेल ते गिळायचं, एवढंच त्याला ठाऊक. किडे, मासे, उंदराची पिल्लं, आणि हो, दुसरे बेडूकसुद्धा! हा पश्चिमेकडे आला कसा? माणसांनीच आणला, बेडकाच्या तंगड्या खायला मिळाव्यात म्हणून. याच तंगड्यांच्या व्यापारापायी एके काळी आपल्याकडचे बेडूकही लाखांनी पकडून परदेशी धाडले जात. शेतातले किडे खाणारे मित्रच कमी होऊ लागले, तेव्हा १९८७ साली भारत सरकारनं ही निर्यात बंद केली.

बुलफ्रॉगच्या जोडीला परदेशी मासे आले. कुणी घरच्या काचेच्या टाकीतले रंगीत मासे कंटाळा आला म्हणून झऱ्यात सोडून दिले, ते तिथेच वाढले. एवढ्या सगळ्यांपुढे आपल्या चिमुकल्या बिबट्याचं काय चालणार? १९५०च्या दशकानंतर तो कुणाला दिसेनासा झाला. ही जात नामशेष झाली, असंच अनेक शास्त्रज्ञ धरून चालले.

शोधा म्हणजे सापडेल

पण काही जणांना राहवेना. १९९१ पासून शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी काढून एकेक झरा पुन्हा धुंडाळायला सुरुवात केली. हे काम रात्री करायचं असतं. का सांगा पाहू? एक तर बेडूक अंधार पडल्यावर पाण्याच्या कडेला येऊन बसतात. दुसरं म्हणजे, मांजराचे डोळे अंधारात चमकतात तसे बॅटरीच्या उजेडात बेडकाचेही डोळे चमकतात.

कल्पना करा. मिट्ट काळोख. वर चांदण्यांनी खच्चून भरलेलं आभाळ. तुम्ही गमबूट घालून, डोक्याला बॅटरी बांधून पाण्यातून हळूहळू चालला आहात. पायाखाली गुळगुळीत दगड, वर काटेरी झुडपं. तास गेला, दोन तास गेले. आणि अचानक पुढच्या दगडावर दोन बारीक ठिणग्या लुकलुकतात...

असाच तो सापडला! लेक मीडच्या उत्तरेकडच्या फाट्याजवळच्या काही झऱ्यांत आणि हूव्हर धरणाखाली ब्लॅक कॅन्यन नावाच्या खोल दरीतल्या काही झऱ्यांत तो चक्क जिवंत होता. पुढे जेफ जेगर, डेव्हिड ब्रॅडफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची जनुकं तपासली. हा दुसऱ्या कुठल्या बिबट्या बेडकाचा भाऊबंद नसून वेगळी जात आहे, हे त्यातून पक्कं झालं.

आनंदाची बातमी खरी, पण तिला चिंतेची किनार होती. झरे होते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दोन्ही ठिकाणची वस्ती मोजली, तर एकीचा पसारा जेमतेम साडेतीन किलोमीटरचा आणि दुसरीचा पाच किलोमीटरचा. सगळे मिळून मोठे बेडूक होते अंदाजे ११००. तुमच्या शाळेची पटसंख्या याहून जास्त असेल! एका अख्ख्या जातीचे जगातले सगळे बेडूक शाळेच्या एका मैदानात मावतील, अशी स्थिती.

आता तुम्ही विचाराल, ‘बेडूक मोजतात तरी कसे? ते का हजेरी देतात?’ छान प्रश्न! समजा, एका रात्री २० बेडूक पकडले. प्रत्येकाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी एक खूण-चिप बसवली आणि सोडून दिलं. काही दिवसांनी पुन्हा २० पकडले. त्यातले ५ खूण केलेले निघाले. म्हणजे पकडलेल्यांपैकी पाव हिस्सा खुणेचा. याचा अर्थ, आपण खूण केलेले २० बेडूक हे साऱ्या वस्तीचा पाव हिस्सा असावेत. मग सारी वस्ती किती? २० चोक ८०! आहे की नाही गणिताचा उपयोग?

हिरवळीनं गिळलेले झरे

सापडलेल्या बेडकांना आता राष्ट्रीय उद्यान विभागाच्या राखीव जागेचं संरक्षण होतं. मारणारं कुणी नव्हतं, पकडणारं कुणी नव्हतं. आता सगळं सुरळीत होणार, असं वाटलं होतं. पण पुढच्या दहा वर्षांच्या आत दोन ठिकाणचे बेडूक संपले. अगदी गुपचूप. पाणी होतं, झरा वाहत होता, तरी बेडूक नव्हते!

असं कसं झालं? चोर कोण?

चोर निघाला हिरवा. आपल्याकडे तळ्याकाठी पाणकणीस आणि लव्हाळा वाढतो, तुम्ही पाहिलाच असेल. तसलीच झाडं झऱ्याच्या डोहात वाढत गेली, वाढत गेली आणि सगळा डोह भरून गेला. उघडं पाणी उरलंच नाही. बेडकांना अंडी घालायला उथळ, उघडं पाणी लागतं, त्यांच्या पिल्लांना ऊन आणि शेवाळ लागतं. डोह झाकला गेला, ऊन अडलं, शेवाळ गेलं. हिरवळ दिसली की आपण म्हणतो, ‘वा, काय छान!’ पण त्याच हिरवळीत बेडकांची घरं गुदमरली होती.

मग लगेच दुसरा प्रश्न येतो. ही झाडं काय पूर्वी नव्हती? तेव्हा बेडूक कसे टिकले?

आता नीट लक्ष द्या, कारण या साऱ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे. वाळवंटात वर्षानुवर्षं पाऊस नसतो, पण पडतो तेव्हा असा धो धो पडतो की दरीतून लोंढे येतात. हे लोंढे झऱ्यातली दाटी उपटून नेत आणि डोह पुन्हा मोकळे होत. पाण्यावर येणारी जनावरं गवत खात, तुडवत. तरीही एखादा झरा दाट झाडीनं भरून जाई किंवा लोंढ्यात तिथले बेडूकच वाहून जात. मग त्या झऱ्यावर बेडूक संपत. पण कायमचे नव्हे! कारण खाली नदी होती. दुसऱ्या झऱ्यांतले चार-दोन बेडूक नदीकाठानं उड्या मारत, ओल्या वाटा शोधत यायचे आणि रिकाम्या झऱ्यावर पुन्हा संसार थाटायचे. एक दिवा विझला तर शेजारच्या दिव्यावरून तो पुन्हा लावता यायचा. नदी ही त्या साऱ्या झऱ्यांना जोडणारी वाट होती.

ती वाटच आता बंद झाली होती. मधे जलाशय, जलाशयात मोठे मासे, काठावर बुलफ्रॉग. प्रत्येक झरा एकटा पडला. एकदा दिवा विझला की विझलाच.

म्हणून मग ठरलं. नदीचं काम आता माणसांनी करायचं.

बेडकांची पाळणाघरं

२००१ साली एक गट तयार झाला. त्यात राष्ट्रीय उद्यान विभाग होता, राज्यांची वन्यजीव खाती होती, लास व्हेगासच्या नेवाडा विद्यापीठातले शास्त्रज्ञ होते. २००५ साली त्यांनी एक करार आणि आराखडा तयार केला. बेडूक ज्या झऱ्यांत आहेत ते राखायचे, आणि जिथे ते राहू शकतील अशा रिकाम्या झऱ्यांत त्यांना पुन्हा वसवायचं.

पण थांबा. मोठे बेडूक उचलून दुसरीकडे नेले तर मूळचा झरा रिकामा होईल. बोहरीच्या दुकानातून आणावेत असे ते थोडेच मिळतात! मग युक्ती काय काढली, तर अंडी उचलायची. बिबट्या बेडकाची मादी एका वेळी अडीचशेपर्यंत अंडी घालते. जेलीसारखा मऊ पुंजका असतो तो. झऱ्यात राहिली तर यातली बहुतेक अंडी आणि पिल्लं कुणाच्या ना कुणाच्या पोटात जातात. मोठं होण्याचं नशीब फार थोड्यांचं. म्हणून कार्यकर्ते त्या पुंजक्यातला थोडासा भाग अलगद काढून घेतात, सगळा नाही हं! तो प्रयोगशाळेत किंवा मत्स्यबीज केंद्रात आणतात. बेडकांचं पाळणाघरच म्हणा ना.

तिथे अंड्यांतून शेपटीवाली पिल्लं बाहेर येतात, ज्यांना आपण बेडूकमासे म्हणतो. त्यांना खायला घालायचं, पाणी स्वच्छ ठेवायचं, आजार येत नाही ना बघायचं. कुणी खायला टपलेलं नाही, त्यामुळे पिल्लं भराभर जगतात. मागचे पाय फुटतात, पुढचे पाय फुटतात, शेपूट आखडत जाते. पुरेशी मोठी झाली, की निघाली वरात नव्या घरी.

बादल्या आणि झाकणाचे डबे भरून ही पिल्लं न्यायची. ब्लॅक कॅन्यनमधल्या काही झऱ्यांकडे गाडीरस्ता नाहीच. नदीतून बोटीनं जायचं, मग दगडधोंड्यांतून चालत. पोचल्यावर पण लगेच ‘धपकन’ ओतायचं नाही. डबा आधी डोहात तरंगत ठेवायचा. डब्यातल्या आणि झऱ्याच्या पाण्याचं तापमान सारखं होऊ द्यायचं. मग झऱ्याचं थोडं थोडं पाणी डब्यात. शेवटी डबा हळूच कलता करायचा. एक पिल्लू बाहेर येतं, क्षणभर थबकतं आणि सुळकन शेवाळात शिरतं.

नेवाडातली गोल्डस्ट्राइक दरी, ॲरिझोनातला टासी झरा अशा कित्येक ठिकाणी हजारो पिल्लं अशी सोडली गेली. काही ठिकाणी बेडूक टिकले नाहीत. कुठे लोंढा आला, कुठे पाणी आटलं. असं झालं की कारण शोधायचं, जमलं तर पुन्हा सोडायचे, नाही तर दुसरी जागा बघायची. पण काही ठिकाणी मात्र पुढच्या वर्षी रात्री बॅटरी मारल्यावर डोळे चमकले. आणि त्याहून मोठा आनंद म्हणजे, डोहाच्या कडेला नवा कोरा अंड्यांचा पुंजका दिसला, जो कुणी आणून ठेवलेला नव्हता!

बुटांना आंघोळ

या कामात एक गोष्ट अगदी कटाक्षानं पाळतात. एका झऱ्यावरून दुसऱ्या झऱ्यावर जाताना बूट, जाळी, डबे सगळं जंतुनाशकानं धुवायचं. कारण कायट्रिड नावाची एक बुरशी आहे. ती बेडकांच्या कातडीत शिरते आणि त्यांचा जीव घेते. जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती तिनं संपवल्या. आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती आढळली आहे. ही बुरशी चिखलानं माखलेल्या बुटावरूनही प्रवास करू शकते. नशिबानं तिला ऊब मानवत नाही, त्यामुळे कोमट झऱ्यांतल्या बेडकांना थोडं कवच मिळतं. पण भरवशावर कसं राहणार? म्हणून बुटांना आंघोळ!

आणि दरवर्षीचं खरं कष्टाचं काम कोणतं, सांगू? पाणकणीस काढायचं. कोयते घेऊन डोहात उतरायचं आणि घामाघूम होत दाटी कापायची. पुढच्या वर्षी ती पुन्हा वाढणार, पुन्हा कापायची. आपल्या गावाकडे उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढतात, अगदी तसंच. एकदा काढून भागत नाही. यात टाळ्या नाहीत, फोटो नाहीत. पण हे काम थांबलं तर बादलीतून आणलेले बेडूक टिकायचे नाहीत.

हे सारं पाहून २०१६ साली अमेरिकेच्या वन्यजीव विभागानं ठरवलं, की या बेडकाचं नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या सरकारी यादीत घालायची तूर्त गरज नाही. म्हणजे पेशंट दवाखान्यातून घरी आला. मात्र औषध चालूच ठेवायचं, बरं का!

ज्याला घरच उरलं नाही

आता जाता जाता आणखी एका बेडकाची गोष्ट, म्हणजे चित्र पुरं होईल. लास व्हेगास या नावाचा स्पॅनिश भाषेतला अर्थ आहे ‘कुरणं’. वाळवंटातल्या शहराचं नाव कुरणं? हो, कारण तिथे पूर्वी मोठे झरे होते आणि भोवती हिरवंगार गवत होतं. त्या झऱ्यांत एक वेगळा बिबट्या बेडूक राहत असे. १८९३ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. पुढे शहर वाढलं, विहिरी खोल खोल गेल्या, जमिनीखालचं पाणी उपसलं गेलं. १९४२ साली तो बेडूक शेवटचा पकडला गेला. १९६२ साली झऱ्यांचं वाहणंही थांबलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग २०११ साली एक नवल घडलं. संग्रहालयात जपून ठेवलेल्या जुन्या बेडकांची जनुकं शास्त्रज्ञांनी तपासली, तेव्हा ती ॲरिझोनाच्या डोंगराळ भागात आजही जगणाऱ्या चिरिकावा बिबट्या बेडकांच्या एका वस्तीशी जुळली! म्हणजे ज्याला सगळे मेला समजत होते, त्याचे सगे दुसरीकडे सुखरूप होते. केवढी आनंदाची बातमी! पण त्याचे ते जुने, भरभरून वाहणारे झरे? ते कोणत्या संग्रहालयातून आणणार?

तेव्हा, दोस्तांनो, एक गोष्ट ध्यानात ठेवा. बेडूक एखाद वेळी परत आणता येतो. पण त्याला ठेवायला जागा हवी, आणि ती जागा वर्षानुवर्षं कुणीतरी राखावी लागते. माणसांनी नदीची वाट अडवली, म्हणून बादली उचलण्याची पाळी माणसांवर आली. वाट आणि झरा मुळातच शाबूत असता, तर बादलीची गरज पडली नसती.

तुम्ही काय कराल?

तुमच्या जवळपास एखादं तळं, ओढा, देवराईतला झरा किंवा गावची जुनी विहीर असेलच. या पावसाळ्यात आई-बाबांना किंवा ताई-दादाला बरोबर घेऊन संध्याकाळी तिथे जा. एकटं मात्र जायचं नाही, आणि पाण्यात उतरायचं नाही. काठावर पाच मिनिटं गप्प उभे राहा. किती तऱ्हेचे आवाज येतात? वहीत तारीख, वेळ आणि पाऊस होता की नव्हता, ते लिहा. दर आठवड्याला एकदा असं केलंत, तर पावसाळा संपेपर्यंत तुमच्या गावच्या बेडकांची छोटीशी नोंदवही तयार होईल. पुढच्या वर्षी तीच वही उघडून ताडून पाहा. कोण आलं, कोण आलं नाही?

आणि दोन गोष्टी कटाक्षानं पाळा. एका डबक्यातले बेडूकमासे गंमत म्हणून दुसऱ्या डबक्यात नेऊन सोडू नका. ते काम कसं आणि किती जपून करायचं असतं, हे आता तुम्हाला कळलंच आहे. दुसरं म्हणजे, घरातल्या टाकीतल्या माशांचा कंटाळा आला तरी ते ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नका. ज्या दुकानातून आणले तिथेच परत द्या, किंवा मित्राला द्या.

पालकांनाही एक विनंती. मूल रात्री बॅटरी घेऊन बेडूक बघायला निघालं, तर ‘शी! काय ते घाणेरडं!’ असं म्हणू नका. चपला घाला आणि त्याच्याबरोबर निघा. तिकडे मोहावीच्या वाळवंटात कुणीतरी याच पद्धतीनं बॅटरी मारली होती, म्हणून तर हरवलेल्या बेडकाचे दोन डोळे चमकले!